न ऐकता खेळलेला डाव

आमच्या घरी क्रिकेटचा सामना बहुधा मुकाट्यानेच पाहिला जातो. पलीकडच्या खोलीत कोणाची तरी परीक्षा जवळ आलेली असते आणि वडील मंडळींपैकी कोणी ना कोणी दुपारचे जरा आडवे झालेले असते; तेव्हा दूरदर्शनसंचाचा आवाज अगदी बंद करून मुले समोर बसतात. परवा अशाच एका दुपारी धाकट्या नातवाने विचारले, "आजोबा, आवाज नाही, तरी सगळे कळते कसे?" मी तोंड उघडण्यापूर्वीच थोरला म्हणाला, "अरे, पंच हातांनी खुणा करतात ना!" उत्तर बरोबर होते. परंतु त्यावरून मला एका खेळाडूची आठवण झाली. पंचाच्या खुणा त्याच्यामुळे सुरू झाल्या अशी एक गोष्ट अमेरिकेत मोठ्या आवडीने सांगितली जाते. ती गोष्ट पुरती खरी नाही. मनुष्य मात्र खरा होता आणि त्याची हकीकत त्या गोष्टीहून पुष्कळच मोलाची आहे. मुलांस जी सांगितली तीच येथे थोडी विस्ताराने देतो.

विल्यम एल्सवर्थ हॉय याचा जन्म २३ मे १८६२ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात हाउकटाउन या खेड्यात झाला. घर शेतकऱ्याचे. मूल सुमारे तीन वर्षांचे असताना त्यास मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा दाह झाला. जीव वाचला, पण ऐकण्याची शक्ती गेली ती कायमची. इतक्या लहान वयात कान गेले म्हणजे वाचाही खुंटते, कारण मूल बोलणे शिकते ते ऐकूनच. सुदैवाने त्या राज्याची राजधानी कोलंबस येथे अशा मुलांसाठी १८२९ पासून शाळा चालू होती. हॉय तेथे शिकला, आणि १८७९ साली वर्गात पहिला येऊन बाहेर पडला. शाळेने त्यास जोडे शिवण्याचा धंदाही शिकविला होता.

या शाळेत हातांच्या खुणांची भाषा चालत असे. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, पुढच्याच वर्षी, १८८० साली, इटलीतील मिलान शहरी बधिरांच्या शिक्षकांची एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिने ठराव केला की बधिर मुलांस केवळ तोंडी बोलण्यानेच शिकवावे, खुणांची भाषा शाळांतून हद्दपार करावी. परिषदेस जमलेल्यांत स्वतः बधिर असे जवळजवळ कोणी नव्हतेच! ज्यांस ऐकू येत होते त्यांनी, ज्यांस ऐकू येत नव्हते त्यांचे हात बांधून टाकले. या ठरावाचा परिणाम अनेक देशांतील शाळांवर पिढ्यान्‌पिढ्या राहिला, आणि तशाच परिषदेने त्याविषयी खेद व्यक्त करावयास २०१० साल उजाडले. शिक्षकांच्या चुका दुरुस्त होण्यास किती काळ लागतो, याचे हे उदाहरण मी स्वतः शिक्षक असल्यामुळे विशेष नमूद करतो.

खेळाच्या जगात हॉयचे विल्यम हे नाव फारसे कोणी घेत नसे. त्यास सारे 'डमी' म्हणत. इंग्रजीतील 'डम' या शब्दाचे दोन अर्थ आहेत : मुका आणि मूर्ख. आपण याचे नवल करू नये. संस्कृतातील 'जड' शब्दाचा कोश उघडून पाहावा; तेथेही मंदबुद्धी आणि मूक हे दोन्ही अर्थ एकाच ओळीत शेजारी शेजारी बसलेले सापडतील. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात दायभाग सांगताना जन्मांध, बधिर, जड आणि मूक यांस वाट्यातून वगळले आहे. त्यांच्या अन्नवस्त्राची सोय वारसांनी करावी असे लगेच पुढे म्हटले आहे हे खरे, पण वाटा नाही तो नाहीच. बधिर-मूकांवरचा हा निर्बंध आपल्याकडे १९२८ च्या कायद्याने उठला. तेव्हा जो बोलत नाही त्यास समजत नाही, ही समजूत एका देशाची किंवा एका भाषेची नाही. हॉयने मात्र त्या नावाशी भांडण केले नाही. कोणी आदराने विल्यम म्हटले, तर तोच त्यास थांबवून 'डमी' म्हणावयास सांगे. त्यात तडजोड किती आणि तोरा किती, हे ज्याचे त्यास ठाऊक.

शाळा सुटल्यावर त्याने गावात जोडे दुरुस्तीचे दुकान काढले. उन्हाळ्यात खेड्यातील निम्मी माणसे अनवाणी फिरत, म्हणून त्या दिवसांत काम बेताचेच. मग हा दुकानाबाहेर येऊन मुलांबरोबर बेसबॉल खेळे. तेथून गावोगावच्या सामन्यांत आणि शेवटी १८८६ साली विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश येथील धंदेवाईक संघात त्याचा प्रवेश झाला.

येथे बेसबॉलविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, नाही तर पुढची अडचण ध्यानात येणार नाही. या खेळात चेंडू टाकणारा फलंदाजाकडे सरळ हवेतून चेंडू फेकतो. चेंडू ठरलेल्या टप्प्यातून आला आणि फलंदाजास तो मारता आला नाही किंवा त्याने तो सोडून दिला, तर त्यास 'स्ट्राइक' म्हणतात. टप्प्याबाहेरून गेला तर 'बॉल'. तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद. बॉल चार झाले (हॉयच्या आरंभीच्या वर्षांत हा आकडा याहून अधिक असे) की त्यास पहिल्या ठाण्यापर्यंत चालत जाण्याचा हक्क मिळतो. हा सारा निवाडा फलंदाजाच्या पाठीमागे उभा असलेला पंच करी, आणि त्या काळी तो केवळ तोंडाने ओरडून करी. आता ज्यास ऐकू येत नाही अशा फलंदाजाने काय करावे? प्रत्येक चेंडूनंतर मान मागे वळवून पंचाच्या तोंडाकडे पाहावे, हा एकच मार्ग. हॉय तसेच करी. तो तोंड फिरवून परत सावरतो न सावरतो तोच समोरचा धूर्त गडी पुढचा चेंडू फेकून मोकळा होई. नियमात याविरुद्ध काही नव्हते.

त्यावर हॉयने काढलेली तोड अगदी साधी होती. तिसऱ्या ठाण्याजवळ त्याच्याच संघाचा एक सूचक उभा असे. त्यास त्याने सांगून ठेवले की, पंच स्ट्राइक म्हणाला तर उजवा हात वर करावा आणि बॉल म्हणाला तर डावा. सूचक समोरच्या बाजूस असल्यामुळे आता मान मागे वळविण्याचे कारण उरले नाही. चेंडू टाकणारा आणि निवाडा दोन्ही डोळ्यांच्या टप्प्यात आले. पुढच्याच मोसमात, १८८७ साली, ऑशकॉशचा संघ आपल्या लीगमध्ये अजिंक्य ठरला.

येथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मी नोकरीत असताना माझ्या वर्गात एक मुलगा होता. शुद्धलेखन घातले की त्याच्या वहीत निम्मी वाक्ये गाळलेली. तोंडी प्रश्न विचारला की तो टकमक पाहत राही. गणितात मात्र फळ्यावरचे उदाहरण सर्वांच्या आधी सोडवी. मी त्यास लबाड समजलो. गणित येते आणि शुद्धलेखन येत नाही, याचा अर्थ लक्ष नाही, असा माझा तर्क. त्याबद्दल त्यास वर्गाबाहेर उभे करण्याची शिक्षाही मी अनेकदा केली. पुढे एके दिवशी त्याच्या बाकावरचा दुसरा मुलगा भीत भीत म्हणाला, "सर, तुम्ही फळ्याकडे तोंड केलेत की त्याला काही कळत नाही." तो माझ्या ओठांकडे पाहून समजून घेत होता, आणि मी पाठ फिरवली की त्याचे जग बंद होत होते. हे मला कळले तेव्हा वर्षअखेरीची परीक्षा होऊन गेली होती. नव्या वर्षी तो शाळेत आला नाही. हॉयची मान वळविण्याची हकीकत मी प्रथम वाचली तेव्हा हा मुलगा माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला, आणि त्या धूर्त चेंडू टाकणाऱ्याच्या जागी मला दुसरे कोणी दिसले नाही.

१८८८ साली हॉय वॉशिंग्टनच्या संघातून राष्ट्रीय लीगमध्ये, म्हणजे त्या खेळाच्या वरच्या दर्जात दाखल झाला. अंगाने लहानखुरा आणि ठेंगणा. पण पहिल्याच वर्षी ठाणी 'चोरण्यात', म्हणजे प्रतिपक्षाची नजर चुकवून एका ठाण्यावरून पुढच्या ठाण्यावर धाव मारण्यात, त्याचा आकडा ८२, साऱ्या लीगमध्ये पहिला. (या चोऱ्या मोजण्याचा त्या वेळचा नियम आजच्याहून सैल होता, हेही सांगून टाकतो, पण तो सर्वांसच सारखा होता.) संघ मात्र त्या वर्षी अगदी तळाला राहिला.

त्याची जागा मैदानाच्या मध्यभागी, पार मागे. उंच उडालेला चेंडू दोन क्षेत्ररक्षकांच्या मधोमध येऊ लागला की दोघेही वर पाहत धावतात, आणि टक्कर होऊन हातपाय मोडतात. म्हणून एकाने ओरडावे आणि दुसऱ्याने थांबावे, अशी रीत आहे. बधिर मनुष्य मध्यभागी असला म्हणजे ही रीत कोसळते. हॉयने काय केले, तर संघाच्या खोलीत भिंतीवर स्वतःच्या हस्ताक्षरात एक सूचना लावली. तिचा आशय असा की, मला मुळीच ऐकू येत नाही हे आपण जाणताच. तेव्हा आपल्यात एक समजूत ठरलेली बरी. जो चेंडू मी घेणार असेन, त्या वेळी मी नक्की ओरडेन. माझी हाक ऐकू आली नाही, तर मी त्या चेंडूच्या मागे नाही असे समजून तो खुशाल आपला म्हणावा.

या चार ओळींच्या सूचनेवर मी पुष्कळ विचार केला आहे. 'मला सांभाळून घ्या' असे त्याने लिहिले नाही. दोन कामे होती, बोलण्याचे आणि ऐकण्याचे. ऐकण्याचे काम त्याने ज्यांस कान आहेत त्यांच्याकडे दिले, आणि बोलण्याचे काम, जग ज्यास मुका म्हणते त्या स्वतःकडे घेतले! त्याच्या कंठातून चिरका, घशातला असा एक लहानसा आवाज निघे. शब्द म्हणून त्याचा उपयोग नव्हता, पण हाक म्हणून होता. सॅम क्रॉफर्ड हा पुढे फार नावाजलेला खेळाडू १९०२ साली सिनसिनाटीच्या संघात त्याच्या शेजारी खेळत असे. त्याने म्हातारपणी सांगितले आहे की, तो बारीक आवाज कानी आला की चेंडू हॉयचा हे मला समजे, आणि आमची कधी गफलत झाली नाही.

१९ जून १८८९ रोजी इंडियानापोलिसच्या संघाविरुद्ध त्याने जे केले ते तर अंकगणितातच सांगता येते. मागच्या मैदानातून थेट 'होम'पर्यंत, जेथे धाव पूर्ण व्हावयाची त्या जागेपर्यंत, फेक करून त्याने एकाच सामन्यात तीन गडी बाद केले. टोकाशी चेंडू झेलणारा होता कॉनी मॅक, जो पुढे फिलाडेल्फियाच्या संघाचा १९०१ पासून १९५० पर्यंत व्यवस्थापक राहिला. अशा वेळी प्रेक्षक टाळ्या वाजवीत. पण टाळ्यांचा याला काय उपयोग? हे ध्यानात येऊन लोक उभे राहत, टोप्या आणि हात हवेत हलवीत. वृत्तपत्रांनी या गोष्टीची नोंद केलेली आहे. हजारो माणसांनी एका माणसाची भाषा बोलावी, आणि तीही कोणी न शिकविता, हे दृश्य मला त्या तीन फेकींहून मोठे वाटते.

नंतरच्या वर्षांची यादी देऊन वाचकांस शिणवीत नाही. १८९० साली संघमालकांच्या जाचास कंटाळून खेळाडूंनी स्वतःची लीग काढली, तीत तो बफेलोकडून खेळला. ती लीग वर्षभरातच मोडली. मग सेंट लुई, पुन्हा वॉशिंग्टन, सिनसिनाटी, लुइव्हिल, शिकागो आणि अखेरीस पुन्हा सिनसिनाटी. १९०१ साली शिकागोचा संघ नव्या अमेरिकन लीगमध्ये अजिंक्य ठरला तेव्हा हॉयने चाळिशी जवळ केली होती. वरच्या दर्जातील चौदा मोसमांत त्याचे यशस्वी फटके दोन हजारांहून अधिक आणि चोरलेली ठाणी सुमारे सहाशे भरली. चार बॉलांवर चालत जाण्याचा मान त्यास हजाराहून अधिक वेळा मिळाला. म्हणजे निवाडा ज्यास ऐकू येत नव्हता, तोच कोणता चेंडू सोडून द्यावा हे इतरांहून बरे ओळखत होता.

१६ मे १९०२ चा सामना मात्र गाळता येत नाही. त्या दिवशी सिनसिनाटीविरुद्ध न्यूयॉर्कच्या जायंट्स संघातर्फे चेंडू टाकावयास उभा होता ल्यूथर टेलर. तोही बधिर, कॅन्सास राज्यातील बधिरांच्या शाळेत शिकलेला, आणि लोक त्यासही डमीच म्हणत. हॉय फळी घेऊन पुढे आला आणि त्याने प्रथम हातांच्या खुणांनी टेलरला, 'तुला पाहून आनंद झाला' असे म्हटले. मग त्याच्याच चेंडूंवर दोन यशस्वी फटके मारले. स्नेह स्नेहाच्या जागी! टेलरच्या संघातील सोबत्यांनी त्याच्याशी बोलता यावे म्हणून बोटांची भाषा शिकून घेतली होती. मिलानच्या विद्वानांनी शाळेतून जी भाषा काढली, ती चेंडूफळीवाल्या आडदांड गड्यांनी अशी आपण होऊन उचलली.

आता त्या प्रसिद्ध गोष्टीकडे वळू. पंच हातांनी खुणा करतात त्या हॉयसाठी सुरू झाल्या, असे सांगणाऱ्यांत तोच सॅम क्रॉफर्ड आहे, ज्याने बारीक आवाजाची साक्ष दिली. त्याचे कथन लॉरेन्स रिटर या लेखकाने जुन्या खेळाडूंच्या आठवणींच्या पुस्तकात १९६६ साली छापले, आणि गोष्ट सर्वतोमुखी झाली. परंतु हॉय खेळत असतानाच्या वृत्तांतांत त्याच्यासाठी पंचांनी अशी पद्धत पाडल्याचा आधार मिळत नाही. पंचांच्या खुणांचा प्रघात पडला तो १९०५ च्या सुमारास आणि नंतर, साय रिगलर, बिल क्लेम अशा पंचांच्या नावांशी जोडलेला. तेव्हा हॉय वरच्या दर्जातून निवृत्त झालेला होता. उलट, त्याच्याच शाळेतून आलेला एड डंडन नावाचा बधिर खेळाडू १८८६ साली एका सामन्यात पंच म्हणून उभा राहिला आणि त्याने बोटांनी निवाडे दाखविले, याची नोंद आहे.

अशी गोष्ट का जन्मास येते, हे आपणांस सांगावयास नको. संतचरित्रांत चमत्कार शिरतात ते भक्तांच्या प्रेमानेच. तथापि या दंतकथेने हॉयचे थोडे नुकसान केले असे माझे मत आहे. तिच्यात पंच दयाळू ठरतो आणि हॉय दयेचा धनी. वास्तविक पंचाने त्याच्यासाठी काही केले नव्हते, नियम बदलला नव्हता, मालकांनी सोय केली नव्हती. त्याने एका सोबत्यास हात वर करावयास सांगितले आणि भिंतीवर एक कागद लावला. एवढ्या भांडवलावर तो चौदा मोसम टिकला.

१८९८ साली त्याने ॲना लाउरी या बधिर शिक्षिकेशी विवाह केला, आणि खेळातून निवृत्त झाल्यावर सिनसिनाटीजवळ दुग्धालय काढून १९२४ पर्यंत ते चालविले. लुइव्हिलच्या संघातील त्याचा सोबती टॉमी लीच याने त्यांच्या घराचे वर्णन केले आहे. दारावर घंटेच्या ऐवजी एक मूठ होती. ती ओढली की आत एक शिशाचा गोळा लाकडी पन्हळीतून घरंगळत येऊन जमिनीवर धप्पकन पडे, आणि त्याचा हादरा नवराबायकोस पायांच्या तळव्यांना जाणवे. मग दार उघडावयास येत. त्यांचा मुलगा कार्सन, ज्यास चांगले ऐकू येत होते, तो पुढे न्यायाधीश झाला. दोन्ही पक्षांचे नीट ऐकून घेण्याचा धंदा त्याने पत्करला, याची मला मौज वाटते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हॉयने गुडइयर या रबराच्या कारखान्यात शेकडो बधिर कामगारांची देखरेखही केली.

त्यास दीर्घायुष्य लाभले. ७ ऑक्टोबर १९६१ रोजी सिनसिनाटी येथे त्या वर्षीच्या जागतिक मालिकेचा तिसरा सामना होता. आरंभीचा मानाचा चेंडू टाकण्यासाठी नव्व्याण्णव वर्षांच्या हॉयला बोलाविले होते. त्याने तो टाकला. साऱ्या मैदानातील लोक उठून उभे राहिले, आणि ते त्यास दिसत होते. त्यानंतर दोन महिन्यांनी, १५ डिसेंबरला, तो वारला.